इकारिया: एक डोंगर, दोन हवामानं

हृदयाच्या बायपासनंतर वर्षभर मी नवऱ्याला, सतीशना, एकटं सोडलं नव्हतं. आमच्या राजेंद्र नगरच्या कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी मी मागे. त्यामुळे एका सकाळी पोहे खाता खाता ते म्हणाले, "ग्रीसला जाऊ, एखाद्या डोंगराळ बेटावर," तेव्हा मला हसूच आलं. डॉक्टरांनी मात्र परवानगी दिली आणि मी अडकले.

मुंबईमार्गे अथेन्स, तिथून पिरियस बंदरातून बोट. स्वेटर बॅगेत वरच ठेवा, डेकवर वारा झोंबतो. जून संपत आला होता. इकारियाच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरलो तर समोर करडे, उघडे खडक आणि ऊन थेट आपल्या मे महिन्यातलं.

"उद्या उत्तरेला जाणार ना? जाड कपडे घाला," खोलीची मालकीण एलेनी म्हणाली.

"उद्या हवा बदलणार आहे?"

"नाही. तुम्ही डोंगराच्या पलीकडे जाताय."

मला काही समजलं नाही. मी कॉटनच घातलं.

भाड्याची गाडी लहानच घ्या. रस्ता अरुंद, वळणं अवघड, आणि बकऱ्या मधोमध बसलेल्या. गाडी मी चालवत होते. माथ्याशी पोचलो आणि ढगानं आम्हाला गिळलं. बोनेटसुद्धा दिसेना. मी थांबले. "जरा बघून येतो," म्हणत सतीश उतरले आणि मी पट्टा सोडेपर्यंत दिसेनासे झाले.

हाका मारल्या, वाऱ्यानं उडवून नेल्या. त्यांच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. मी शोधायला निघाले आणि परत फिरले. ते गाडीशी आले आणि मीच नसले तर? किती वेळ तशी उभी होते, सांगता येणार नाही.

शेवटी ते मागच्या बाजूनं, खालून चढत आले. केस ओले, चेहरा हसरा.

"अहो, कुठे होतात तुम्ही? काही झालं असतं तर?"

"काय माहीत. काहीच दिसून नव्हतं राहिलं." मग हळूच म्हणाले, "लई दिवसांनी कुणी माझ्याकडे बघून नव्हतं राहिलं गं."

रागवावं की रडावं, कळेना. ढग विरळ झाल्यावर तशीच गाडी उतरवली. पलीकडे पाइनची दाट झाडी, वाहतं पाणी, अंगावर काटा आणणारा गारवा. तोच डोंगर, तोच दिवस.

एव्दिलोस गावात जेवलो. शाकाहारी असाल तर सुफिको मागवा. वांगी, बटाटे, ढोबळी मिरची ऑलिव्ह तेलात शिजवतात. "भिया, इसमें जीरावन होना था," आमच्या पोह्यांवरच्या मसाल्याची आठवण काढत सतीश वेटरला हिंदीतच म्हणाले. त्यानं मान डोलावली आणि पाव आणून दिला. सतीश पोटभर हसले. मी नाही.

परतल्यावर सराफ्यात रात्री चाट खाताना मैत्रिणी विचारतात, बेट कसं होतं? गरम की थंड? मी दोन्ही सांगते, त्या माझ्याकडे बघत राहतात.

मागच्या रविवारी सतीश एकटेच बसनं उज्जैनला मित्राकडे गेले. मी फोन केला नाही. संध्याकाळी आले, जेवले, झोपले. काय खाल्लं, किती चाललात, मी विचारलं नाही. बरं केलं की चुकलं, मला अजून ठरवता येत नाही.