चोप

आज सकाळी मैदानावर मुलं कबड्डीच्या रेषा आखत होती. फक्कीची ती कोरडी, नाकात झोंबणारी पांढरी धूळ खिडकीतून वर्गात आली आणि कविता शिकवता शिकवता माझ्या पोटऱ्या आखडल्या. इतक्या वर्षांनीही त्यांना वाटलं, मागून कुणीतरी येतंय.

बोरीच्या याच शाळेत मी सातवीत होते आणि वर्गात सगळ्यांत जाड होते. कवायतीच्या तासाला मैदानाला पाच फेऱ्या असत. शेवटी येणाऱ्याच्या पोटऱ्यांवर सरांची कडुलिंबाची ओली छडी बसे, आणि शेवटी रोज मीच येई. "मारानं चरबी झडते," असं सर माझ्या वडिलांसमोर म्हणाले होते आणि वडिलांनी मान डोलावली होती. मी धावायला लागले की मुलं ओरडत, "पळा रे, येलदरीचं धरण फुटलं!" पुढं गेलेले मागं वळून पाठीत धपाटा घालत. एकदा मी पडले तेव्हा तिघं माझ्या हातांवरून पळत गेले. दोन नखं काळी पडली, बोटं फुटून रक्त आलं. रक्ताची मला भीती वाटली नाही, लाज वाटली. आपल्या अंगात हेसुद्धा जास्तच आहे, असं वाटून गेलं. दिवाळीनंतर शाळेत यायचंच नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

त्याच सुमारास मुलींना कबड्डी शिकवायला नव्या बाई आल्या. बुटक्या, सावळ्या, आवाज मात्र भरदार. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उद्या लवकर ये गं. चोप द्यायचाय."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी सलवारीखाली भावाची विजार चढवली, वर दोन स्वेटर घातले आणि दिवाळीआधीच्या त्या उकाड्यात मैदानावर जाऊन हात पुढं करून उभी राहिले.

"हे काय गं? थंडी वाजायलीय का?"

"माराय बोलावलं ना, बाई?"

बाई हसल्या नाहीत. खणून, पाणी मारून ठेवलेल्या चौकोनाकडं त्यांनी बोट केलं. आमच्याकडची काळी माती चोपून बसवली नाही तर मैदान भेगाळतं. एक जड लाकडी चोपणं त्यांनी माझ्या हातात दिलं. "हिला द्यायचाय चोप. तुझ्याएवढा नेट कुणाच्या अंगात हाय इथं? हाण."

मी हाणलं. सरांना हाणलं, हातांवरून गेलेल्या त्या सहा पायांना हाणलं, वडिलांच्या डोलणाऱ्या मानेलाही हाणलं. माती उडून दातांत गेली. तळहाताचे फोड फुटून दांडा ओला झाला. धाप लागली होती, आणि ती पहिल्यांदाच माझी स्वतःची होती. मी थांबले तेव्हा बाई म्हणाल्या, "बस कर, उद्याला बी ठेव." मग मी रोज जाऊ लागले.

आठव्या दिवशी सर आले. "काय गं म्हशे, फेऱ्या चुकवायलीस?" छडी पोटरीवर बसली. मी वळले. चोपणं डोक्याच्या वर गेलं. सरांचं कपाळ नेमकं समोर होतं, आणि मी ते फोडणार होते याविषयी मला आजही शंका नाही.

बाई मध्ये शिरल्या. सरांचा दुसरा फटका त्यांच्या उघड्या दंडावर बसला. बाईंनी छडी हिसकावली, गुडघ्यावर मोडली आणि ओल्या मातीत टाकली. "पोरी, खाली हाण. हेबी चोपून टाक."

मी शाळा सोडली नाही. वजनही उतरलं नाही. बाईंनी ते कधी विचारलंही नाही. डाव्या कोपऱ्यात उभी राहून मी चढाईला आलेल्यांचे घोटे धरत राहिले, आणि माझ्या हातून सुटून जाणं सोपं नव्हतं.

मागच्या आठवड्यात बाई गेल्या. शेवटची आंघोळ घालायला बायकांनी मलाही बोलावलं. दंडावर काहीच नव्हतं. वळ कधीच विरून गेला असणार. तरी तेवढ्या जागेवर मी पाणी फार हळू ओतलं.