आधी ओलावा, मग वजन

"डॉक्टर, मी पाण्यावर चालतेय," मनीषा म्हणाली आणि गोड हसली.

तिच्या पायाखाली पाणी नव्हतं, धूर होता. सेटवरचं एक मशीन सकाळपासून पांढरा धूर सोडत होतं आणि तो जमिनीलगत घोट्यापर्यंत साचला होता. निळा ट्रॅकसूट घातलेली मनीषा त्यातून माझ्या टेबलाकडे येत होती. थंडीत आमच्या मोठ्या तलावावर सकाळी असंच धुकं असतं. नावाडी दिसतो, नाव दिसत नाही. मी बघतच राहिले. डॉक्टरने असं बघत राहू नये.

मी एका कारखान्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं फिजिशियन होते. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून भोपाळला आले आणि इथलीच झाले. रिटायर झाल्यावर दुपारी झोप येईना, म्हणून येईल ते काम घेऊ लागले. त्यातलंच हे एक. दहा आठवड्यांत सगळ्यात जास्त वजन कोण उतरवतं, याची टीव्हीवरची स्पर्धा. शूटिंग बाग सेवनियातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये चालायचं. खिडक्यांना काळे पडदे. आत गेलं की सकाळ, दुपार काही कळायचं नाही. दर आठवड्याला स्टेजवरच्या वजनाच्या आधी प्रत्येकाची नाडी आणि बीपी बघायचं आणि फॉर्मवर 'फिट' लिहून सही करायची, एवढंच माझं काम. त्या सहीशिवाय कुणी स्टेजवर जायचं नाही.

स्टेजवर एक भला मोठा काटा होता, चहूबाजूंनी दिवे लावलेला. तो काटाच नव्हता. प्लायवूडचं फळकूट होतं. खरं वजन सकाळी सातला मागच्या खोलीत एका साध्या काट्यावर व्हायचं. नंतर स्पर्धक फळकुटावर उभा राहिला की पडद्यामागची एक मुलगी लॅपटॉपवर तोच आकडा टाइप करायची. लोक श्वास रोखून बघायचे. मीसुद्धा रोखायचे, सगळं माहीत असून.

मनीषा चौतीस वर्षांची. माहेर उज्जैनचं. करोंद मंडीच्या बाहेर धर्मकाट्यावर, म्हणजे भरलेल्या ट्रकचं वजन करतात तिथे, खिडकीत बसून पावत्या फाडायची. ड्रायव्हर लोक रोज तेच बोलायचे, "मॅडम, ज़रा हटो, काँटा हिल रहा है." बारा वर्षं तिने हे ऐकलं होतं आणि बारा वर्षं ती हसून पावती देत होती. पहिल्या आठवड्यात तिने मला हे सांगितलं, तेव्हाही हसतच होती. मला मात्र त्या न पाहिलेल्या ड्रायव्हरांचा संताप आला.

दर आठवड्याला मी विचारायचे, "पाणी पितेस ना?" ती म्हणायची, "हो." मी 'फिट' लिहायचे. अशा नऊ सह्या केल्या. इतर स्पर्धकांच्या कंगव्यांत केसांचे पुंजके दिसत होते. एक जण उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून वाकून बसायचा. भराभर वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होतात, केस जातात, बायकांची पाळी थांबते, हे मी दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. रक्ततपासणी करू या, असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा "शेड्यूलमध्ये बसत नाही" असं उत्तर आलं आणि मी ते ऐकून घेतलं. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. मला लागला.

तो दिवस फायनलचा होता. दोघंच उरले होते, मनीषा आणि एक जिमवाला. मी तिची नाडी धरली. तीन ठोके नीट आले, चौथा घाईघाईने आला आणि मग काहीच नाही. मी वाट बघत राहिले. मग एक जोरकस ठोका आला.

बीपी बसल्यावर ठीक होतं. तिला उभी केली, तर धाडकन खाली आलं. तिने टेबल धरलं.

माझ्या बॅगेत जुना ईसीजी होता. पट्टी निघाली. प्रत्येक ठोक्यानंतर कागदावर एक ठरावीक उंचवटा दिसतो. तिचा तो सपाट झाला होता आणि त्याच्या पुढे एक जास्तीचं टेंगूळ आलं होतं. पोटॅशियम खूप उतरलं की असं दिसतं. पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. हृदयाचा ठेका तोच सांभाळतो. तो फार कमी झाला तर हृदय कुठल्याही क्षणी भरकटू शकतं.

"मनीषा, खरं सांग. पाणी कधीपासून बंद आहे?"

"परवापासून."

"आणखी काय केलंस?"

"दोन-दोन स्वेटर घालून धूप में चालले." मग हळूच म्हणाली, "आणि सासूबाईंची पायाच्या सुजेची गोळी. चार दिवस झाले."

ती लघवी वाढवणारी गोळी. पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर टाकते.

"अगं, कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मंडीत माल ओला आला की पसरवून ठेवतात. दोन दिवसांत वजन उतरतं. मी रोज बघते ना, डॉक्टर."

"गव्हाला हृदय नसतं, बाई."

तेवढ्यात प्रोड्यूसर आला. मुंबईचा मुलगा, वागायला गोड. मी फॉर्म पुढे केला नाही, तेव्हा त्याला शंका आली.

"मॅडम, वज़न तो सुबह हो गया. बस दो मिनट खड़े रहना है."

"उभं राहूनच तिचं बीपी पडतंय. हॉस्पिटलला न्यायचंय, आत्ता."

"तीन सौ लोग बैठे हैं."

"बसू द्या."

त्याने मनीषाकडे पाहिलं. मनीषाने माझा हात धरला. तिचा हात थंडगार आणि कोरडा होता.

"एकच बार त्या काट्यावर उभं राहू द्या. मग न्या कुठे न्यायचं तिथे."

"तो काटा खोटा आहे गं."

"माहितेय मला. माझं कामच काट्याचं आहे. पण लोक तर खरे आहेत ना? मंडीतून आठ जण आलेत. ते ड्रायव्हरही आलेत."

पडद्यापलीकडे संगीत सुरू झालं होतं. धूर माझ्या टेबलाच्या पायांना लागला होता. पेनचं टोपण उघडं होतं. खरं सांगते, सही करावीशी वाटली. दोनच मिनिटं. बारा वर्षांच्या बदल्यात दोन मिनिटं फार नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी एका हाताने फॉर्म सरळ केला. दुसरा हात अजून तिच्या मनगटावरच होता. बोटाखालचा ठोका पुन्हा थांबला, या वेळी जरा जास्तच वेळ.

मी 'अनफिट' लिहिलं. मनीषाने हात काढून घेतला आणि तोंड फिरवलं.

ॲम्ब्युलन्समध्ये ती बरळल्यासारखं बोलत होती. तलावावर रिकामे ट्रक एका ओळीने चाललेत म्हणाली, कुणाचं काही वजनच नाही, पावती कशाची फाडू? मी म्हटलं, आज सुट्टी आहे. ती "अच्छा" म्हणाली आणि पडून राहिली.

हॉस्पिटलात तिला मॉनिटर लावला, सुई टोचली, रक्त पाठवलं. वीस मिनिटंही झाली नसतील, स्क्रीनवरची रेघ एकदम वेडीवाकडी धावू लागली. मनीषाचे डोळे वर गेले. सगळे तिथेच होते, औषधं हाताशी होती, म्हणून दोन मिनिटांत ठेका परत आला. हॉलमध्ये थांबलो असतो, तर ही दोन मिनिटं तिथे कुणाच्याच हातात नसती. मी बाहेर येऊन बाकावर बसले.

तीन दिवस सलाइन आणि पोटॅशियम चाललं. जवळजवळ चार किलो परत आले. ते सगळं पाणी होतं. जिमवाला जिंकला. टीव्हीवर मनीषाबद्दल "तबीयत के कारण" एवढंच म्हणाले आणि धुरातून चालत जाणारी तिची पाठ दाखवली.

ती माझ्याशी बोलेल असं वाटत नव्हतं. दोन महिन्यांनी मीच करोंदला गेले. ती खिडकीत होती, गालांवर जरा रंग आला होता. सोयाबीनची ट्रॉली उभी होती. एका माणसाने पोत्यातून मूठभर दाणे काढून छोट्या यंत्रात घातले, आकडा वाचला आणि मगच ट्रॉली काट्यावर घेतली.

"ते काय करतात?" मी विचारलं.

"नमी बघतात. किती पाणी आहे ते." तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "इथे आधी नमी, मग वजन. माझं तुम्ही नऊ हफ्ते उलटं केलं, डॉक्टर."

तिने चहा मागवला.

आता कुणी फिटनेसची सही मागितली, तर मी आधी रक्ताचा रिपोर्ट मागते, मग उभ्याने बीपी बघते. वजन सगळ्यात शेवटी. या क्रमापायी पुढची दोन्ही कामं हातची गेली. दुपारी आता झोप येते.