अहो इज डाऊन!

चार मित्र जमले की कुणी हॉस्टेलचे किस्से काढतो, कुणी ऑफिसातल्या साहेबाचे. माझ्याकडे यातलं काही नाही. माझं आयुष्य गेलं भोरच्या एका दहा बाय बाराच्या दुकानात. तरी किस्से साठले, आणि इतके साठले की मी सांगायला बसलो की आमची ही आतून ओरडते, "अहो, पुरे आता, लोकांना घरी जाऊ द्या!" गंमत म्हणजे बहुतेक किश्श्यांत तीच आहे, आणि तिच्या हातात बंदूक आहे.

दुकान डीटीपीचं. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला लागून हमीदभाईंचं टेलरिंगचं दुकान. दोन हजार चार-पाचचा सुमार. दुपारी एक ते चार आमची सगळी ओळ बंद असायची. मी शटर अर्धं खाली ओढून आतच जेवायचो.

त्याच साली माझं लग्न झालं. सुमन वेल्ह्याकडच्या पासलीची. डोंगरातलं गाव, भातशेती, घरात बारा माणसं आणि बाराही बोलणारी. आमच्या घरी फक्त आई आणि मी. पहिले दोन महिने सुमन "व्हय" आणि "न्हाई"च्या पुढे गेली नाही. आई मला बाजूला घेऊन विचारायची, "विलास, सून रमंल ना रं?" मी म्हणायचो, "रमेल की." पण खरं सांगतो, मलाच माहीत नव्हतं. ही मला नुसतं चालवून घेतेय की हिला मी आवडतो, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि तेच विचारायची छाती नव्हती.

* * *

पुण्याच्या एका मित्रानं मला एक सीडी दिली. लढाईचा गेम. दोन शिपाई एका बाजूला, समोर शंभर शत्रू. एक पडला की दुसऱ्यानं अर्ध्या मिनिटात त्याच्याजवळ जाऊन त्याला उठवायचं, नाहीतर खेळ खलास. मित्रानं बजावलं होतं, "हा जोडीनं खेळायचा आहे. एकट्याचं काम नाही."

मी दोन कॉम्प्युटर वायरनं जोडले आणि एकटाच सुरू झालो. या खुर्चीवर बसून गोळी मारायची, त्या खुर्चीवर उडी मारून दुसऱ्या शिपायाला पळवायचं. तेवढ्यात सुमन जेवणाचा डबा घेऊन आली. पाच मिनिटं गप्प उभी राहून तिनं माझ्या उड्या बघितल्या. मग डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सरका."

दोन महिन्यांतला तिचा पहिला नवा शब्द!

गेमनं दोघांची नावं विचारली. तिच्या कॉम्प्युटरवरून दोन्ही भरायची होती. तिनं स्वतःचं नाव एका बोटानं शोधून शोधून टाईप केलं. माझ्या नावाशी येऊन थांबली. तिच्या घरात कुणी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, मग टाईप तरी कसं करणार? मी म्हटलं, "अगं, उखाण्यात घेतलंस की मांडवात!" ती म्हणाली, "तवा सगळ्यांनी धरून बसवलं हुतं." आणि तिला सुचलं ते तिनं इंग्रजीत टाकून दिलं.

पुढचं वर्षभर मी गोळी लागून पडलो की पडद्यावरची लाल पट्टी हमखास जाहीर करायची, "अहो इज डाऊन!"

* * *

दुसऱ्या टप्प्यात एक शत्रू शिपाई खोक्यावर बसून थाळीत जेवत होता. आमच्याकडे पाठ. त्याला उडवला की पुढचं फाटक मोकळं.

"मार त्याला," मी कुजबुजलो.

"जेवतोय की तो."

"मग काय झालं? शत्रू आहे."

"असू दे. जेवत्या माणसाला मारायचं व्हय? जेवण हुंदे त्याचं."

आम्ही भिंतीआड बसून राहिलो. आता गेममधला माणूस, त्याला तेवढंच काम शिकवलेलं. घास उचलतोय, तोंडात घालतोय, पुन्हा उचलतोय. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी सुमन वैतागली.

"किती जेवतोय ह्यो! घरी काय मिळत न्हाई का ह्याला?"

तरी तिनं गोळी मारली नाहीच. आम्ही मागच्या बाजूनं तारा तोडून गेलो. त्यात मी दोनदा मेलो, तो भाऊ अजून जेवतोय.

* * *

सुमनचा नेम चांगला, पण कुणावर धरायचा याचा भरवसा नसायचा. धुरात काही हललं की ती गोळी घालायची, आणि हलणारा बहुतेक वेळा मीच असायचो.

एका दुपारी मी जीव तोडून ओरडलो, "सुमन, अगं मारू नकोस! मी आहे, मी! किती मारशील?"

शटर खाडकन वर गेलं. दारात हमीदभाई, गळ्यात टेप, हातात कापड मोजायचा लोखंडी गज. आमच्यामध्ये लाकडी फळ्यांचीच भिंत होती, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी सुमनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गज माझ्यावर रोखला.

"काय केलंत वहिनींना?"

"मी? अहो, मार मी खातोय!"

"वहिनी उगीच मारणाऱ्यातल्या न्हाईत. तुमीच कायतरी केलं असणार!"

आता सुमन हसली. पदर तोंडाला लावून, खुर्ची मागे ढकलून हसली. लग्न झाल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. हमीदभाईंचा गज माझ्या छातीसमोर तसाच होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

* * *

तिसऱ्या टप्प्यात डोंगराच्या पायथ्याशी हिरवंगार शेत होतं. आडवं व्हायचं, पिकात लपायचं आणि सरपटत पलीकडे जायचं, इतकं सोपं काम. मी शेतात शिरलो. मागे बघतो तर सुमन बांधावरून चाललीय. उघड्यावर, उंचावर, बंदूक खांद्याला लावून, शेतावर डबा घेऊन निघाल्यासारखी!

अर्थात दोन मिनिटांत पडली. तिला उठवायला गेलो, मी पडलो. असं आठ दिवस चाललं.

"अगं, पिकातून ये ना!"

"उभ्या पिकातनं कसं जायचं?"

"हे खरं पीक नाही, सुमन. चित्र आहे."

"कुणीतरी लावलंय असंच दाखवलंय न्हवं?"

मी माऊस सोडून तिच्याकडे वळलो. मग तिनं सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना शेळीच्या मागे पळत भाताच्या खाचरात घुसली होती. लोंब्या भरायला आल्या होत्या. तिच्या वडिलांनी, दादांनी, तिला उभ्या आयुष्यात एकदाच मारलं, ते त्या दिवशी. मग संध्याकाळी ते स्वतःच चिखलात उतरून आडवी झालेली रोपं एकेक करून उभी करत बसले. सुमन बांधावर रडत उभी होती. दादांचं रोप उभं करणं संपेना, आणि हिचं रडणं संपेना.

"तवापास्नं म्या कुणाच्याबी पिकात पाय टाकला न्हाई," ती म्हणाली.

मी बांधावरून जायला शिकलो. पुढे मी, मागे ती. लई मेलो, पण एकदा पार झालो.

* * *

पावसाळ्यात ती लावणीसाठी पासलीला गेली. आठ दिवस म्हणून गेली, महिना झाला. आई रोज उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघायची. "आणायला जा," म्हणायची. मी जाईन म्हणायचो आणि जायचो नाही. आणायला गेलो तर ती येणारच होती, पण मला ती आपणहून यायला हवी होती. हट्ट म्हणा, भीती म्हणा.

एक दिवस दुकानातला फोन वाजला. आवाज खरखरत होता. तिच्या गावातल्या दुकानातून ती ओरडून बोलत होती.

"अहो, तुमी एकटं पुढं गेलाय का?"

"कुठं?"

"त्या खेळातल्या पुलाच्या पल्याड."

"नाही. पुलाशीच आहे."

"मग थांबा तितंच."

फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी एक वाजता मी शटर ओढत होतो, तर समोर सुमन. पासलीहून वेल्हे, विंझर, मग नसरापूरला एसटी बदलून भोर. आयुष्यात पहिल्यांदा एकटी आली होती. हातात तांदळाची पिशवी, घोट्यापर्यंत चिखल वाळलेला. घरी न जाता थेट दुकानात.

मला इतका आनंद झाला की शटर तसंच अर्धवट सोडलं. म्हटलं, "जेवलीस?"

"पूल झाल्यावर जेवू."

* * *

आईला यातलं काही माहीत नव्हतं. सून दुपारी पत्रिका छापायला मदत करते अशी तिची समजूत. एकदा ती अचानक आली आणि शटरखालून वाकून आत बघितलं. सुमन ओरडत होती, "डावीकडनं दोघं! तुमी खाली बसा, मी बघते!" आणि मी निमूटपणे खाली बसत होतो.

मला वाटलं, आता संपलं. दहा मिनिटांनी बाहेर आलो तर आई आमच्या पायरीवर बसलेली, एका गिऱ्हाईकाला हातानं परतवत होती.

"चारला या. आत काम चाललंय."

त्यानंतर सून रमेल का असं तिनं मला कधी विचारलं नाही.

* * *

आठवड्यातून तीन दुपारी लाईट जायची. यूपीएस एकच, तो तिच्या कॉम्प्युटरला. माझा पडदा काळा झाला की तिच्या पडद्यावर माझा शिपाई जागच्या जागी दगड होऊन उभा राहायचा. पुढची दहा मिनिटं यूपीएस कुईकुई करत मरायचा, आणि तेवढा वेळ सुमन माझ्यासमोर उभी राहून एकटी लढायची.

मी एकदा म्हटलं, "कशाला? लाईट गेली, खेळ तसाही जाणार."

"जाईल तवा जाईल. तवर तुमाला काय हू देनार न्हाई."

मी काळ्या पडद्यासमोर बसून तिच्याकडे बघत राहिलो.

* * *

आणि शेवटचा टप्पा.

नकाशाच्या एका टोकाला हेलिकॉप्टर, दोन मिनिटांत उडणार. दोघांतला एक जरी चढला तरी गेम जिंकला. दीड महिना आम्ही यावर अडकलो होतो. त्या दुपारी हमीदभाई मधली सुट्टी म्हणून आमच्या मागे स्टुलावर येऊन बसले होते, आई पायरीवर होती.

सुमन पुढे, मी मागे. मध्ये मोठं शेत, नेहमीसारखे बांधावरून निघालो. ती पोचली. हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला, तिचा शिपाई दारात उभा. आणि मला मागून गोळी लागली. शेताच्या या टोकाला, विहिरीपाशी.

"अहो इज डाऊन."

हमीदभाई उठून उभे राहिले. "वहिनी, चढा! जिंकलो!"

"चढ, सुमन," मीही म्हटलं. "बांधावरून वळसा घालून वेळेत पोचणार नाहीस. चढ."

 तिचा शिपाई दारातून मागे फिरला. बांधावर आला. डावीकडे वळायचं तिथे वळला नाही. तो सरळ उभ्या पिकात घुसला आणि नाकासमोर पळत सुटला, कमरेएवढ्या हिरव्यातून, गोळ्या चुकवत, थेट माझ्याकडे.

हेलिकॉप्टर उडालं. हमीदभाईंनी कपाळावर हात मारला. पडद्यावर लाल अक्षरात आम्ही हरल्याचं आलं, आणि त्या अक्षरांच्या मागे तिचा शिपाई गुडघ्यावर बसून मला उठवत होता.

 मी म्हटलं, "सुमन... उभ्या पिकातून आलीस?"

तिची नजर पडद्यावरच होती. कान लाल झाले होते.

"दादांना सांगू नका."