पुठ्ठ्याआडचा फासा

लॉर्न टेस्डालबद्दल चार चांगले शब्द लिही, असं मला ड्वेनने सांगितलंय. लिहिते. पण आधी राग लिहिणार, कारण तो अजून ताजा आहे.

लॉर्न त्रेसष्ट वर्षांचा आहे. आमच्या विस्कॉन्सिनात, फॉक्स नदीकाठच्या कागद गिरणीत त्याने एकतीस वर्षं काढली. त्यातली चौदा तो कामगारांचा प्रतिनिधी होता. कुणाला कामावरून काढलं, कुणाची पाळी बदलली, की हा मॅनेजरच्या खोलीत घुसायचा आणि पहिलं वाक्य हेच म्हणायचा, "दार उघडं ठेवा. जे ठरवायचं ते सगळ्यांसमोर ठरवा." मी भाडेकरूंची संघटना चालवते. घरमालकांशी भांडायला मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. बरंचसं या माणसाकडून शिकले, म्हणून पुढचं जास्त झोंबतं.

गिरणी बंद पडली. बायको ॲरिझोनाला बहिणीकडे गेली ती तिथलीच झाली. लॉर्नकडे उरला शनिवार. दर शनिवारी दुपारी एक वाजता लुथरन चर्चच्या तळघरात, घडीच्या टेबलाशी बसून हा माणूस एक अख्खं जग चालवतो. आम्ही खेळणारे तिघं. मी, गिरणीतला जुना वायरमन ड्वेन क्यूल आणि वृद्धाश्रमात काम करणारी बाओ शाँग. आमचं प्रत्येकाचं एकेक पात्र, कागदावर उतरवलेलं. बाकी सगळं म्हणजे राजे, चोर, खानावळवाले, वादळं, राक्षस हे लॉर्न. आपलं पात्र काय करतं ते आम्ही सांगायचं, ते जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो; मोठा आकडा पडला तर जमलं, वीस म्हणजे हमखास. राक्षसांचे फासे लॉर्न टाकतो, समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते आम्हाला दिसू नये.

खेळ चालवावा तर त्याने. हल्ली लोक दोनशे पानांची कथा लिहून आणतात आणि पहिल्याच दिवशी खेळणारे तिच्याकडे पाठ फिरवून भलत्याच गावाला चालू पडतात. मग चालवणारा घामाघूम. लॉर्नकडे एकच कागद असतो. आम्ही काय करणार हे त्यावर नसतंच. दुष्टांना काय हवंय आणि त्यांना कुणी अडवलं नाही तर ते उद्या काय करतील, एवढंच. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला दहा नावं चिकटवलेली, कारण ड्वेन ज्याला त्याला नाव विचारतो आणि तिथे अडखळलं की ते गाव खोटं वाटायला लागतं. गुपित असेल तर लॉर्न ते तीन ठिकाणी ठेवतो. दोन आमच्या हातून निसटणारच, हे त्याला पक्कं माहीत.

गप्प बसणाऱ्याला तो आधी विचारतो. बाओ पहिलं वर्षभर तोंड उघडत नव्हती. लॉर्न प्रत्येक वेळी तिच्याकडे वळायचा आणि थांबायचा. मध्ये कुणी बोललं तर हात वर करायचा. आणि ड्वेनला, "भाषण झालं असेल तर तलवार काढ बाबा, राक्षसाला डुलकी लागली."

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फासा पडायच्या आधी तो सांगतो, हुकलं तर काय जाणार. "ही उडी चुकली तर दोर तुटेल. टाकायचा?" आपण हो म्हटल्यावरच टाकायचा. नंतर रडारड नाही. एकदा एक पाहुणा खांदे उडवून म्हणाला, "इतकं काय मनाला लावून घ्यायचं, खेळच तर आहे." लॉर्नने त्याला त्याचा कोट आणून दिला आणि जिना दाखवला.

अशा माणसाने केलेली गोष्ट सांगते.

ऑक्टोबरात बाओची आई गेली. बाओचे लोक ह्मोंग, लाओसच्या डोंगरातून इथे आलेले; त्यांचं मर्तिक चार दिवस चालतं. ढोल, वेळूचं वाद्य, शेकडो माणसं, अखंड स्वयंपाक. आम्ही तिघंही गेलो होतो. ड्वेनने खुर्च्या वाहिल्या, मी भांडी घासली. लॉर्न दाराशी कोटाच्या खिशात हात घालून दोन तास उभा राहिला आणि निघून गेला. तिसऱ्या शनिवारी बाओ आपली सगळ्यांना आवडणारी एग रोल्स घेऊन टेबलाशी हजर. म्हणाली, "चला, कुणीतरी मला मारायला या." आम्ही हसलो.

नोव्हेंबरात माझी ब्रीडा मेली. अकरा वर्षं खेळवलेली तलवारबाज. वेशीवर एकटी उभी राहिली, लॉर्नचा फासा पडला, त्याने पुठ्ठा बाजूला करून मला दाखवला. वीस. "फासा बोलला, रॉक्सी," तो म्हणाला. मी गाडीत बसून रडले, हे इथे पहिल्यांदाच सांगतेय. पण तक्रार केली नाही. समोर पडलेल्या फाशाशी काय भांडणार? नवं पात्र केलं, पुढे चालू.

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. बाहेर उणे अठरा. बाओची वैद्यीण नाओ लाकडी पुलावर जखमी होऊन पडलेली, अंगात शेवटचा श्वास. वर राक्षस उभा. लॉर्न नेहमीसारखा म्हणाला, "हा घाव बसला तर नाओ जाईल. मान्य?" बाओ म्हणाली, "मान्य." मी कॉफी घ्यायला उठले होते. कॉफीचं मोठं भांडं लॉर्नच्या मागच्या ओट्यावर असतं. फासा घरंगळला, थांबला. मला स्पष्ट दिसला.

वीस.

"सात," लॉर्न म्हणाला. "कुऱ्हाड पुलाच्या फळीत रुतली. नाओ वाचली."

ड्वेनने टेबलावर थाप मारली. बाओने डोळे मिटून श्वास सोडला. मी कॉफी ओट्यावर ठेवली.

"किती पडले?"

"सात म्हणालो ना."

"परत म्हण."

"रॉक्सी, बस खाली."

मी पुठ्ठा उचलला. वीस तसाच वर.

ड्वेन म्हणाला, "अगं, धक्का लागून पालटला असेल."

"ड्वेन, तुला धक्का देऊ का मी? बघते काय पालटतं ते!"

"बाई, हळू. वर शोकसभा चालू आहे."

"चालू दे! इथेही एक होती नोव्हेंबरात. तेव्हा हा म्हणाला फासा बोलला. आज फासा मुका झाला का रे, लॉर्न?"

लॉर्नची मान लाल झाली. "मी खेळ चालवतो. केव्हा काय ठरवायचं ते माझं काम आहे."

"हेच गिरणीचा मॅनेजर म्हणायचा. त्याचं दार तू लाथेने उघडायचास!"

बाओ इतका वेळ फाशाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "किती वेळा?"

"बाओ, हे बघ..."

"किती वेळा, लॉर्न?"

त्याने पेन्सिल उचलली, ठेवली. "चार. आजची धरून पाच."

"खिंडीत? तीन राक्षस अडवले मी, तेव्हा?"

"तीही धरून," तो म्हणाला.

"ते मी घरी सांगितलं होतं," बाओ म्हणाली. "नवऱ्याला बसवून अख्खी लढाई सांगितली. तो म्हणाला, आईनंतर पहिल्यांदा तुझा आवाज असा ऐकला. आणि ते माझं नव्हतंच. ते तू मला वाढलं होतंस, आजाऱ्याला पेज वाढावी तसं."

"मला तुला आणखी एक मरण द्यायचं नव्हतं," लॉर्न म्हणाला. "तिथे, त्या हॉलमध्ये, मला काय करावं कळेना. इथे माझ्या हातात काहीतरी होतं. शेवटी हा खेळच..."

तो थांबला. पण आम्ही ऐकलं होतं. ड्वेनसुद्धा खाली बघायला लागला.

"वृद्धाश्रमात मला हलक्या कामाचा मजला दिलाय," बाओ म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मामा मला भांडं उचलू देत नाहीत. शेजारीण माझ्याशी कुजबुजत बोलते. सगळे मला जपतात. मी गुदमरतेय, लॉर्न! आठवड्यातले पाच तास असे होते की कुणी मला सूट देत नव्हतं. मी मार खायचे, आणि वाचले तर स्वतःच्या जोरावर वाचायचे. तेवढेच पाच तास होते. तेही तू ढापलेस."

या बाईला एके काळी बोलतं करायला आम्हाला वर्ष लागलं होतं.

लॉर्न उठला. फासे पिशवीत भरायला लागला. "बरोबर आहे तुमचं. दुसरा कुणी शोधा. मी संपवतो."

"जा," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. मग ड्वेनकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. लॉर्न गेला की टेबल गेलं, हे त्याला माझ्याआधी कळलं. चालवणारा दुसरा कुणी या गावात नाही. आणि त्या रिकाम्या घरात लॉर्न शनिवारी काय करणार, याचं उत्तर कुणालाच नको होतं. तरी मी "थांब" म्हटलं नाही. माझ्या जिभेवर तो शब्द येतच नव्हता.

बाओ त्याच्या आणि जिन्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. लॉर्नच्या छातीपर्यंत येते ती.

"वीस पडलेत. पुढे काय होतं ते सांग."

"बाओ, नको."

"कुऱ्हाड कुठे लागते?"

"मला नाही जमणार."

"रॉक्सीच्या वेळी जमलं. बस."

तो कोट न काढताच बसला. आणि वीस वर्षं बोलून माणसांना खुर्चीला खिळवणारा हा माणूस तोंडातल्या तोंडात म्हणाला, "घाव बसतो. नाओ मरते."

"असं नाही. नीट सांग."

त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. पुन्हा सुरुवात केली. पुलाखालचं पाणी कसं दिसत होतं, फळी कशी वाकली, कुऱ्हाड उतरताना नाओच्या हातात औषधाची कुठली मुळी होती. घाई केली नाही. मध्ये थांबून विचारलं, "शेवटचं काय बघते ती?" बाओने हळू सांगितलं. ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. ड्वेन नाक ओढत राहिला. माझा राग तसाच होता, पण मी हललेसुद्धा नाही.

संपल्यावर बाओने नाओचा कागद दुमडून पर्समध्ये ठेवला आणि नव्या पात्रासाठी कोरा कागद ओढला. "आजपासून राक्षसांचे फासे आम्ही टाकणार. टेबलाच्या मधोमध."

"मग मी काय करू?" लॉर्नने विचारलं.

"सांग. तेवढं येतं तुला." तिने उरलेली एग रोल्स त्याच्यापुढे सरकवली. "खा. आणि मला परत जपलंस तर ती रॉक्सी काय करते बघ."

"रॉक्सीला कशाला मध्ये घेतेस," ड्वेन पुटपुटला, "ती आधीच भरलेली बंदूक आहे."

सहा वाजता बाहेर आलो. लॉर्न माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. मी खरवडणी त्याच्या हातातून हिसकावली.

"माझी काच मी साफ करीन."

तो बाजूला झाला. गेला मात्र नाही. मी अर्धी काच खरवडली आणि मग माझ्याच्याने राहवेना.

"मला का नाही वाचवलंस?"

"काय?"

"तिला पाच वेळा वाचवलंस. माझी अकरा वर्षं, आणि मला वीस दाखवलेस. का?"

लॉर्नने टोपी कानावर ओढली. "तुझा फासा पडला तेव्हाही वाचवायचं मनात आलं होतं. म्हटलं, रॉक्सी सोसेल."

हेच ते. सगळीकडे हेच. जो ओरडतो त्याला सोसायला लावायचं, जो गप्प बसतो त्याला गोंजारायचं, आणि कुणाला किती झेपेल ते आडोशाला बसून स्वतःच ठरवायचं. ऑफिसात ठरवतात, दवाखान्यात ठरवतात, घरमालक ठरवतात. मी आयुष्य घालवलं त्यांच्याशी भांडण्यात. आणि हा माझा माणूस.

"विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"मार म्हणाले असते."

"मग?"

"मग काय मग! तरी विचारायचं होतंस!"

त्याने मान डोलावली. मग विचारलं, "दुसरी बाजू खरवडू का?"

मी त्याच्याकडे बघितलं. हो म्हणायला मला जरा वेळ लागला.