हत्ती गेला, शेपूट राहिलं

जयपूरच्या मे महिन्यात, कूलरपुढे घाम पुसत बर्फाची भीती बाळगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जगतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळे शेपूटकाका म्हणत, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. "शेपूट घालणारा काका म्हणत नाहीत ना, मग चालेल," म्हणायचे.

काका मूळचे साताऱ्याचे. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर इथेच राहिले आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवू लागले. माझे वडील बँकेच्या बदलीने इथे आलेले. मराठी कानावर पडावी म्हणून मी संध्याकाळी काकांकडे जाऊन बसे. बोलता बोलता मी एकदा "हत्ती गेला, शेपूट राहिलं" म्हणालो, तर काका भडकले. "शेपूट राहिलं म्हणजे हत्तीच राहिला, लेका." पुढे आम्ही आमेरला किल्ल्याकडे निघालेले हत्ती बघायला गेलो, तेव्हा सगळे सोंडेचे फोटो काढत होते आणि हा माणूस मागे जाऊन उभा होता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पंखांवरचा बर्फ निदान खिडकीतून दिसतो, शेपटावरचा वैमानिकाला दिसतच नाही. शेपटाची कड पातळ, त्यामुळे बर्फ आधी तिथे धरतो. विमान मात्र सुरळीत चाललेलं असतं. उतरताना वेग कमी करायला पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, खाली सोडल्या की शेपटावरचा भार वाढतो, बर्फाने खडबडीत झालेलं शेपूट हात टेकतं आणि विमानाचं नाक एकदम खाली जातं. तेही जमीन जवळ आलेली असताना.

यावरचा उपाय त्यांना उशिरा कळला, हेच त्यांचं दुःख होतं. नाक पडलं की स्टिक, म्हणजे विमान वर-खाली करायचा दांडा, पुढे ढकला, हे त्यांनी वर्षानुवर्षं मुलांकडून घोटून घेतलेलं. पंखांनी दगा दिला तर ते बरोबरच आहे, गेलेला वेग परत मिळतो. शेपटाने दिला तर मात्र उलटं करायचं असतं. स्टिक मागे ओढायची, फ्लॅप वर घ्यायचे. त्यांचा एक विद्यार्थी परदेशात छोटं प्रवासी विमान उतरवत होता. नाक पडलं, त्याने स्टिक पुढे ढकलली आणि सगळं संपलं. "माझं ऐकलं रे त्याने," काका मला म्हणाले. "न ऐकणारा असता तर वाचला असता."

काकू लवकर गेल्या. एकुलती एक मुलगी मधुरा, तीही वैमानिक झाली आणि नेमकी थंड देशात नोकरीला लागली. तिचा फोन ठेवण्याआधी काका न चुकता विचारत, "शेपूट?" ती म्हणे, "देखा, बाबा, देखा." पुढे तीही वैतागली. "मतलब, शेपटाला हीटर असतो आता. परत शेपूट म्हणालात तर मी फोन ठेवीन." तेव्हापासून काकांनी तो शब्द सोडला. फोनच्या शेवटी नुसते गप्प राहायचे, तो शब्द उच्चारायला लागेल तेवढा वेळ. मग ती फोन ठेवायची.

यंदाच्या मे महिन्यात, दुपारी झोपलेले काका उठलेच नाहीत. मधुरा दुसऱ्या दिवशी पोचणार होती. त्या उन्हात तोवर देह ठेवायचा तर इलाज एकच होता. मीच राजा पार्कच्या बाजूच्या बर्फवाल्याकडून लाद्या आणल्या. आयुष्यभर ज्याचा धसका घेतला, त्याच्यातच काकांना निजवलं.

मधुरा आली. उशाशी बायका बसल्या होत्या, त्यांनी तिला जागा करून दिली, पण ती पायांशी जाऊन बसली. लादी वितळून चादर ओली झाली होती. ती तिने काकांच्या पावलांवरून बाजूला सारली.

"बाबा, या हिवाळ्यात ना... हीटर चालू होता, तरी लँडिंगला नाक पडलं होतं. कॅप्टन स्टिक पुश करत होते. मी ओरडले, फ्लॅप वर घेतले, दोघांनी मिळून स्टिक मागे ओढली. हम बच गए, बाबा. सगळे पॅसेंजर पण." तिने चादरीचा ओला कोपरा पिळला. "फोनवर बोलले नाही, तुम्हाला टेन्शन आलं असतं. मतलब, सुट्टीत आले की समोर बसून सांगणार होते."

बापलेकीचं बाकी सगळं बोलून झालं होतं. एवढंच राहिलं होतं.