ज्ञानेश्वरीने रोवलेला पाईप

"वहिनी, लाटणं वेगळं आणि ड्रिल मशीन वेगळं, बरं का." असं एका गृहस्थाने लिहिलं आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. घरातली दुरुस्ती घरच्यांनीच करावी म्हणून काढलेला व्हॉट्सअ‍ॅपवरचा हा गट. हजारभर माणसं आहेत त्यात. मी नगरला सावेडीत एकटी राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे, आणि नळाचा वायसर बदलण्यासाठी कुणाच्या विनवण्या कराव्या लागू नयेत म्हणून या गटात शिरले होते. ते वाक्य वाचलं तेव्हा माझा चहा तसाच निवून गेला.

प्रश्न विचारला होता ज्ञानेश्वरी नावाच्या बाईने. अगदी सरळ प्रश्न. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, संडासात उठता-बसताना धरायला भिंतीवर दांडी बसवायची आहे, भोक किती खोल पाडू? याला उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण उत्तरं काय आली? मिस्त्री बोलवा. दादांना सांगा. दादा काय करतात? हाताला लागलं तर भाकरी कोण थापणार? एकाने तर कंबरदुखीच्या तेलाची जाहिरात टाकली. आणि भिंत कशाची आहे, हे हजार माणसांत एकानेही विचारलं नाही. पुढे जे झालं ते सगळं या न विचारलेल्या प्रश्नामुळे झालं, म्हणून मला अजून राग येतो.

मी गटावर चार शब्द सुनावले. गट चालवणारे गंधार म्हणून कुणी आहेत. त्यांनी मलाच लिहिलं, "ताई, इथे वाद नकोत." मग मी तिचा नंबर बघितला आणि फोनच लावला.

ज्ञानेश्वरी जामखेडच्या अलीकडच्या एका गावात राहते. बारावी झालेली, तिशी ओलांडलेली, दोन म्हशी आणि एक शिलाई मशीन सांभाळणारी. तिची एक पद्धत आहे. मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ ती आवाज बंद करून बघते. "बोलत्यात लई, ताई," ती मला म्हणाली. "निस्ते हात बघितले की समजतं." असे हात बघून तिने पंखा उघडला होता, मिक्सरचे कार्बन ब्रश बदलले होते, शेजारणीच्या घरातला बंद पडलेला बल्बसुद्धा पेटवून दिला होता. खोललेल्या वस्तूचे भाग ती फरशीवर ओळीने मांडते आणि खडूने भोवती रेघ ओढते. त्या रेघेला कुणाचा पाय लागला तर तिचा आवाज चढतो.

"मिस्त्री का नाही बोलावत?" मीही शेवटी तेच विचारलं. पण मी कारण ऐकायला विचारलं होतं.

"दोघांना सांगितलं. एकजन म्हनला बंगल्याचं काम चालू हाय. दुसरा म्हनला एवढ्याशा दांडीसाठी कुठं सामान घिऊन येऊ. आन आमचे मालक म्हनत्यात, बघू."

मालक म्हणजे नवरा, हर्षल. तो नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला, तिथेच खोली घेऊन राहणारा, सुट्टी मिळाली की गावाकडे येणारा. वाईट माणूस नाही. मारत नाही, पीत नाही. पण 'बघू' म्हणायची सवय. आईचा खुबा मोडून उन्हाळा सरत आला तरी हा बघतोच आहे. आणि आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. हर्षलही त्याच गटात होता. त्याच्या बायकोला माणसं हसली, ते त्याने सगळं वाचलं होतं.

"मग काही बोलले नाहीत?"

"म्हनले, उगं कुनाच्या तोंडी लागायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती मात्र शांत होती. तिची घाई वेगळ्याच गोष्टीची होती, आणि ती गोष्ट तिने गटावर लिहिली नव्हती.

तिच्या सासूबाई छबूबाई एकेकाळी डोक्यावर कडब्याचे भारे घेऊन चालणाऱ्या. अंगणात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, प्लेट टाकली. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून बजावलं. संडास परसात, खाली बसायचा. ज्ञानेश्वरीने त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली. पण खुर्चीतून उठायला हाताला काहीतरी लागतं, आणि ते नव्हतं. म्हणून दर वेळी सून दोन्ही बगलांत हात घालून उचलायची. सुनेने आपल्याला असं उघड्यावाघड्या अवस्थेत उचलावं, हे छबूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टर रागावले, पाणी प्या म्हणाले. "पिती की," छबूबाई म्हणाल्या. आणि एक दिवस त्यांच्या खाटेमागच्या भिंतीला ज्ञानेश्वरीचा हात लागला, तर ओल. उशाशी ठेवलेला तांब्या म्हातारी रोज मागच्या खिडकीतून ओतत होती आणि रिकामा करून ठेवत होती. थेंबही पीत नव्हती. गोळीपुरता घोट, बस्स.

"आत्या, का वं असं?" सुनेने विचारलं.

"प्यालं की जावं लागतं," म्हातारी म्हणाली. "तुझी बी कंबर हाय का न्हाई, पोरी."

उन्हाळ्यात, जामखेडच्या उन्हात, एक बाई तहान मारत बसली होती, कारण तिच्या घरात हातभर लांबीची दांडी नव्हती. आणि तिकडे गटावर माणसं लाटण्याचे विनोद करत होती.

ज्ञानेश्वरीने शेवटी एक व्हिडिओ बघून काम केलं. शेजारच्या शेतकऱ्याकडून ड्रिल मशीन आणलं, जामखेडहून स्टीलची दांडी आणि अँकर बोल्ट आणले. व्हिडिओतला माणूस जोर लावून घामाघूम झाला होता. हिचं ड्रिल मात्र भसकन आत गेलं. तिला वाटलं, आपलं मशीन झकास आहे. तिने बोल्ट आवळले, दांडीला स्वतः लोंबकळून बघितलं. दांडी हलली नाही. छबूबाई दोन दिवस तिला धरून आपल्या आपण उठल्या. तिसऱ्या दिवशी उठताना दांडी, दोन बोल्ट आणि गिलाव्याचा ढलपा त्यांच्या हातात आला.

नशीब, सून दाराशीच होती. म्हातारी तिच्या अंगावर पडली. हाड वाचलं. पण ढलपा निघाला तिथे आत काय दिसलं? माती. त्यांचं घर दगड-मातीचं, आणि परसातला संडासही तसाच बांधलेला. बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर पिवळा रंग, दिसायला शहरातल्या भिंतीसारखी भिंत. आमच्या त्या भागात निम्मी घरं अशीच आहेत, हे त्या गटातल्या निम्म्या माणसांना ठाऊक असणार. ती माणसं स्वतः तसल्याच घरांत वाढलेली. कुणी तोंड उघडलं नाही.

छबूबाईंनी त्या दिवसापासून संडासात जायचंच नाकारलं. पाणी पुन्हा खिडकीबाहेर.

ज्ञानेश्वरीने मोडक्या भिंतीचा फोटो गटावर टाकला, सासूबाई पडल्याचं लिहिलं आणि आता काय करू, असं विचारलं. पुन्हा तीच रांग. "सांगितलं होतं ना?" "मिस्त्रीच्या पोटावर पाय द्यायला निघाल्या होत्या." एकाने टाळ्या वाजवणारे हात टाकले. सासू पडली, हे वाचून माणसाने टाळ्या वाजवल्या. हर्षल तेव्हाही गप्प.

त्याच संध्याकाळी तिला वेगळा निरोप आला, गटावर नाही, एकटीला. नाव गहिनीनाथ, फोटो मिशांवर ताव दिलेल्या माणसाचा. निरोप असा: 'भिंतीच्या नादी लागू नका. भिंत कच्ची असेल तर दांडी जमिनीत रोवा. सासूबाईंचा कोणता हात जोरकस आहे? खुर्चीवर बसल्यावर कोपर कुठे येतं तेवढी उंची घ्या.'

पहिल्यांदा कुणीतरी म्हातारीबद्दल विचारलं होतं. ज्ञानेश्वरीने फोन लावला, तर पलीकडून बाईचा आवाज. श्रीगोंद्याकडची दगडाबाई. गहिनीनाथ तिचा नवरा, मोबाईल त्याच्या नावाचा. तिने सासऱ्यांसाठी असंच काम केलं होतं.

"मग गटावर का नाही सांगितलं?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"गटावर मी गहिनीनाथच हाय, बाई. मोटर, पंप, गिलावा, समदं सांगती. लोक साहेब, साहेब म्हनत्यात. हे म्हाताऱ्या मानसाला उठवायचं-बसवायचं बाईमानसाचं काम सांगितलं आसतं, तर वळखलं आसतं मला."

ज्ञानेश्वरीकडून हे ऐकून मी दोन दिवस गटातली नावं वाचत होते. कोणता साहेब खरा आणि कोणत्या साहेबाच्या आड कोण लपलंय, कोणास ठाऊक. बाईला खिळ्याबद्दल बोलायला मिशी लावावी लागते, आणि आम्ही म्हणायचं की जग पुढे गेलं.

पाईप घरातच होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचं बोअर कोरडं गेलं, तेव्हा वर काढलेले लोखंडी पाईप गोठ्यामागे पडून होते. ज्ञानेश्वरीने हॅकसॉने एकाचे तुकडे केले, जामखेडला नेऊन आटे पाडले, दोन एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावून त्याची चौकटीसारखी कमान केली. छबूबाईंना खाटेवर खुर्चीच्या उंचीला बसवलं आणि कोपराशी खडूने भिंतीवर रेघ मारली. उजवा हात जोरकस, म्हणून कमान उजवीकडे. मग पहारीने संडासाची फरशी फोडली, हात बुडेल एवढे खड्डे खणले, कमानीचे पाय त्यात उभे करून खडी, वाळू, सिमेंट ठासलं. टँकरच्या पाण्यातून राखून ती त्यावर पाणी मारत राहिली. आठवडाभर तिने कुणाला हात लावू दिला नाही. तेवढे दिवस खुर्ची खोलीतच ठेवून, खाली बादली लावून, सासूला पुन्हा उचललं, आणि समोर उभं राहून पाणी प्यायला लावलं. दोघी त्यावरून भांडल्या. मला फोनवर ऐकू येत होतं.

आठवड्यानंतर कमानीला आधी ज्ञानेश्वरी लोंबकळली, मग तिने शेजारच्या लठ्ठ लंकाबाईंना लोंबकळायला लावलं. कमान जागची हलली नाही. छबूबाई आत गेल्या, दार ओढून घेतलं, आणि स्वतः उठून बाहेर आल्या. मला ज्ञानेश्वरीने फोन केला आणि ती नुसती रडली. मीही रडले.

पुढच्या सुट्टीला हर्षल आला. पाईप बघितला, हलवून बघितला, खूश झाला. फोटो काढला आणि गटावर टाकला. 'वाया गेलेल्या बोअरच्या पाईपपासून घरच्या घरी आधार. आई खूश.' एवढंच. 'मी केलं' असं त्याने लिहिलं नाही. पण कुणी केलं, तेही लिहिलं नाही.

आणि मग काय विचारता. "दादा, एक नंबर." "यालाच म्हणतात डोकं." "आईची सेवा करणारा लेक." लाटण्यावाल्याने दोन्ही हात जोडले होते. गंधार यांनी तो फोटो सगळ्यांना दिसेल असा गटावर सगळ्यात वर लावून ठेवला. मला इतका संताप आला की मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून थेट त्यांच्या गावी गेले. तोवर आम्ही एकमेकींना पाहिलंही नव्हतं.

ज्ञानेश्वरी म्हशीला पाणी दाखवत होती. हर्षल ओसरीवर मोबाईल बघत बसला होता. मी पाणी पिण्याआधी त्याला विचारलं, हे तुम्ही केलं का?

"घरातलंच काम हाय, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "तिनं केलं काय न् मी केलं काय."

"असं असेल तर लोक तिला हसत होते तेव्हा तुम्ही का नाही म्हणालात, घरातलंच काम आहे म्हणून?"

ज्ञानेश्वरी दारातून म्हणाली, "जाऊ द्या, ताई. आत्या उठायला लागल्या, झालं की." पण तिचा चेहरा जाऊ द्या म्हणत नव्हता.

खाटेवरून छबूबाईंनी विचारलं, "काय लिवलंय त्यात?" मी सगळं वाचून दाखवलं. आधी लाटणं, मग टाळ्या, मग दादा एक नंबर. त्या मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी लेकाला बोलावलं.

"ह्यात बोललं की त्यांना ऐकू जातं का?"

"जातं. बटन दाबून धरावं लागतं."

"मग तू दाब."

हर्षलने माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि दाबलं. छबूबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला.

"मी हर्षलची आई. त्या फोटूतल्या पायपाला धरून मी उठती. ह्येनं त्याला हात बी लावला न्हाई, ह्यो कंपनीत हुता. फरशी माझ्या सुनंनं फोडली, ज्ञानेश्वरीनं. तिलाच तुमी हसला. तुमी हसत हुता तवा मी पानी पीत न्हवते. खिडकीतनं वतीत हुते. संडासला जावं लागंल, तिला मला उचलावं लागंल, म्हनून. हे मी डाक्टरला सांगितलं न्हाई, पोटच्या पोराला सांगितलं न्हाई, आन आता तुमा परक्या मानसांना सांगती. तुमच्या घरात बी म्हातारी आसंल. तिच्या तांब्यातलं पानी कुठं जातं, ते जाऊन बघा आदी."

त्यांचं बोलणं संपलं, तरी हर्षलचा अंगठा तसाच होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सोड आता," त्या म्हणाल्या. "जाऊ दे त्यांच्याकडं."

त्याने अंगठा उचलला.