जर्सीवर चाळीस, कागदावर एकतीस

डीक सॉरेल पडला, तेव्हा धोक्याचा पिवळा झेंडा कोणालाच दिसला नाही. पालो सेकोच्या मोटरसायकल रेसच्या ट्रॅकवर उतार संपला की मातीच्या ढिगाऱ्याची एक मोठी उडी आहे. तिच्यावरून गेलेला माणूस मागच्यांच्या नजरेतून एकदम नाहीसा होतो, म्हणून आम्ही तिला तळघर म्हणायचो. झेंडेवाला खाली, पलीकडच्या अंगाला, धुळीत उभा होता. तो बिचारा जीव तोडून झेंडा हलवत होता, पण वरून येणाऱ्याला तो दिसणार कसा? वेड हॅल्व्हरसन डीकच्या डोक्यावरून उडून गेला. वेडच्या मागचा मात्र थेट डीकच्या पाठीवर उतरला.

ही एप्रिलमधली गोष्ट. मी रूबेन अरिओला, नऊ वर्षं वेडचा मेकॅनिक होतो. वेड तीस वर्षांचा, हेमेटचा, मितभाषी. मोठ्या कंपनीचा करार त्याला कधी मिळाला नाही. स्वतःची व्हॅन, स्वतःची मोटरसायकल, आणि निकालात विसाव्याच्या पुढे-मागे कुठेतरी नाव. डाव्या मनगटात धातूची पट्टी, उजव्या खांद्यात सहा स्क्रू. त्यावर तो कधी बोलायचा नाही. आमच्यात ते सगळ्यांकडेच असतं.

डीकला कमरेखाली काही कळेनासं झालं होतं. आम्ही त्याला भेटायला रिव्हरसाइडच्या हॉस्पिटलात गेलो. त्याच्या पलंगासमोरच्या भिंतीवर त्याची जर्सी टांगली होती, आणि तिच्यावर सगळ्या रायडर्सच्या सह्या. डीक तिच्याकडे बघत नव्हता. मान तिरकी करून खिडकीकडे बघत होता.

हॉस्पिटलच्या आवारातून वेडने व्हॅन बाहेर काढली. मग म्हणाला, "मोजल्यास? चाळीस सह्या."

"चांगली पोरं आहेत रे."

"आहेत ना. कपड्यावर सही करायला चाळीस येतात. कागदावर किती येतील?"

युनियनची गोष्ट त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा तेव्हा ऐकली. कागद त्याने स्वतःच लिहिला. तळघराच्या माथ्यावर झेंडेवाला आणि दिवा हवा. रेसआधी ट्रॅक तपासताना रायडर्सचा एक माणूस सोबत हवा, आणि 'आज नको' म्हणायचा त्याला हक्क हवा. मोडलेल्या माणसाच्या उपचाराची सोय हवी. बस.

जून-जुलैभर तो तंबूतंबूतून हिंडला. बो ट्रॅमेल म्हणाला, "युनियन? वेड, मीटिंगा नकोत म्हणून तर मी शाळा सोडली!" पण हसत हसत सही केली. कोणी म्हणालं, "फुटबॉलवाल्यांची आहे, सिनेमात दिवे लावणाऱ्यांचीसुद्धा आहे, मग आपलीच का नाही?" कोणी म्हणालं, "मी तुला हरवायला येतो बाबा, तुझ्या गळ्यात गळा घालायला नाही." ते खोटं नव्हतं. ज्याच्या कोपराला कोपर घासून पुढे जायचं, त्याच्याच शेजारी उभं कसं राहायचं, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. तरी एकतीस सह्या झाल्या.

राहिला कोल्ट रेनर. सगळ्यात पुढचा. त्याच्या कंपनीचा ट्रेलर म्हणजे घरापेक्षा मोठा. त्याने दार अर्धंच उघडलं.

"तू तेविसावा येतोस, वेड. तुझ्यामागे कोण येणार?"

"तुझ्यापुढे कोणी नसतं, कोल्ट. म्हणून तुला पडलेला माणूस कधी दिसत नाही."

रेनर चिडला नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "माझ्या करारात काय काय लिहिलंय, तुला माहीत नाही." आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर गोष्टी बदलू लागल्या. टायर देणारा माणूस फोन उचलेना. तपासणीत आमच्याच मोटरसायकलचा आवाज तीन-तीनदा मोजायला लागले. वेडच्या घरासमोर एक पांढरी पिकअप दिवसभर उभी राहायला लागली. आत कोणी बसलेलं दिसायचं नाही, पण वेडची बायको जनेल बाहेर आली की गाडी निघून जायची. जनेल म्हणायची, "शेजाऱ्यांकडे पाहुणे आले असतील." म्हणायची आणि पडदे ओढून घ्यायची.

ऑगस्टच्या रेसच्या दोन दिवस आधी आयोजकांचे मिस्टर स्ट्राउड आमच्या तंबूत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात थंड पाण्याच्या दोन बाटल्या. एक मला दिली, एक वेडला.

"बायको कशी आहे तुमची? तिसरा महिना लागला ना?"

वेडने माझ्याकडे बघितलं. त्या दोघांनी ही बातमी माझ्याशिवाय कोणालाच सांगितली नव्हती, आणि मी कोणाजवळ तोंड उघडलं नव्हतं.

"युनियन करा की," स्ट्राउड म्हणाले. "देश स्वतंत्र आहे, कोण अडवतंय? एवढंच ध्यानात ठेवा, रेस सुटते त्या गेटवर जागा चाळीस आहेत, आणि फाटकाबाहेर चारशे जण हेल्मेट घालून उभे आहेत."

त्याच संध्याकाळी बो आला. बसला नाही. "माझं नाव खोड," म्हणाला.

"कोणी काही बोललं का?"

"खोड ना यार. विचारू नकोस."

त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. वेडने कोणाला अडवलं नाही. स्वतःच्या हाताने एकेक नाव खोडत गेला. शनिवारी दुपारी सतरा उरले. सतराही पुरतील, असं त्याला वाटत होतं. ठरलं होतं ते सोपं होतं. रेस सुटायला तीस सेकंद उरल्याची पाटी वर गेली की सगळ्यांनी इंजिन बंद करायचं आणि सुटायचंच नाही.

रविवारी वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला होता. तळघराच्या माथ्यावर धुळीचा पडदा उभा होता, हलायचं नाव नाही. झेंडेवाला खालीच. चाळीस इंजिनांनी जमीन थरथरत होती. पाटी वर गेली. वेडने बटण दाबलं. त्याच्या डावीकडे एक इंजिन थांबलं, मग आणखी दोन, मग पाच-सहा, मग रांगच्या रांग. आवाज असा विरत गेला की लोक उठून उभे राहिले. बोनेसुद्धा बंद केलं, नाव खोडलेलं असून! मला वाटलं, झालं. खरंच झालं.

मधल्या जागेवर एकच इंजिन चालू होतं. रेनरचं. तो मान खाली घालून हँडलकडे बघत होता. वेग वाढवत नव्हता, बंदही करत नव्हता.

चार सेकंद, फार तर पाच. मग बोने इंजिन सुरू करायचं बटण दाबलं. त्याच्या शेजारच्याने दाबलं. आवाज परत उसळला आणि पुढ्यातलं गेट खाली पडून वाट मोकळी झाली. धूळ बसली तेव्हा गेटवर चौघे उरले होते. वेड आणि इतर तिघे.

अर्ध्या तासाहून जास्त वेळ आम्ही तिथेच उभे होतो. तळघर दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. प्रत्येक मोटरसायकल तिथे गेली की तिचा आवाज तुटायचा आणि पलीकडे पुन्हा जोडला जायचा. तुटायचा, जोडला जायचा. वेडचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

काहीही झालं नाही. एकही जण पडला नाही. बो चौदावा आला, आयुष्यात पहिल्यांदा. परतताना कोणीतरी ओरडलं, "काय रे वेड, कोसळलं का आभाळ?" सगळे हसले. त्या हसण्यात राग नव्हता, सुटल्याचा आनंद होता. तेच जास्त लागलं.

व्हॅनमध्ये वेडने चावी लावली, पण फिरवली नाही.

"पंधराव्या मिनिटाला मला वाटलं, कोणीतरी पडावं," तो म्हणाला. "रूबेन, मला खरंच वाटलं तसं. म्हणजे पटेल सगळ्यांना."

मलाही वाटलं होतं, पण ते त्याला सांगायला मला आठ महिने लागले.

"असं वाटणाऱ्या माणसाने कोणाचा पुढारी होऊ नये," एवढं बोलून त्याने गाडी सुरू केली.

पुढच्या हंगामात त्याचा अर्ज एका ओळीचं उत्तर घेऊन परत आला. जागा नाही. इतर तिघांचंही तेच. वेड आता बोमाँटला एका गोदामात खोकी चढवतो. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत डोलोरेस नावाच्या बाईंनी त्याच्यापुढे युनियनचा अर्ज सरकवला. त्याने घास चावता चावता सही केली. मग बराच वेळ हसत सुटला. बाईंना काही कळेना.

तळघरावर या वर्षी आणखी माती टाकली आहे. उडी उंच झाली की लोकांना आवडते. मी बोच्या तंबूत काम करतो. पोट आहे, काय करणार? बो वेडचा विषय काढत नाही आणि मीही काढत नाही.

पण रेसच्या दिवशी दुपारी साडेचारला वेडचा फोन येतोच. निकाल विचारत नाही. एकच विचारतो, "आले का सगळे?"

"आले," मी म्हणतो. तो फोन ठेवतो.

गेल्या खेपेला मी म्हटलं, "दोन जण यायचेत अजून."

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे त्याची पोरगी चमचा ताटलीवर आपटत होती. इकडे अँब्युलन्सचा ड्रायव्हर सीटवर बसला होता, दार उघडं, एक पाय बाहेर. दहा मिनिटं अशीच गेली. मग उतारावरून दोघे चालत येताना दिसले. एकाची चेन तुटली होती, दुसरा त्याला मोटरसायकल ढकलू लागत होता.

"आले," मी म्हटलं.

"बरं," वेड म्हणाला, आणि पोरीला भरवायला गेला.